पत्ता मागणारी मदत

हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन आणि शिवडी ही स्टेशनं लागोपाठ येतात. भारतातल्या दिव्यांग मुलांच्या संगोपनाचा इतिहास लिहायला घेतला तर त्यातली बरीच पानं याच पट्ट्यात आणि त्याच्या आजूबाजूला सापडतील. रे रोडच्या पश्चिमेला माझगाव. तिथे १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांनी मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली. देशातली ही अशी पहिली शाळा मानली जाते. ज्यांचं नाव या स्टेशनाला आहे ते लॉर्ड रे मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले तेही १८८५ सालीच. पलीकडे नागपाड्याला १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. आज चेंबूरजवळ असलेली टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. तिने १९३७ साली देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. उत्तरेला शिवडीच्या टेकडीवर बौद्धिक अक्षम मुलांसाठीची जय वकील शाळा, दक्षिणेला उमरखाडीचं बालगृह, हाकेच्या अंतरावर भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय, आणि शहर ओलांडून हाजी अलीला १९५५ पासून चालणारी केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था.

या सगळ्यांच्या मधोमध, रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, दारुखाना आणि कौला बंदर आहे. जहाजं फोडणं, भंगार तोडणं, लोखंडाचे पत्रे आणि साखळदंड विकणं हे तिथले धंदे. जमीन मुंबई बंदराची, म्हणजे केंद्र सरकारची. कौला बंदरातली वस्ती अधिकृत झोपडपट्टी म्हणून घोषित झालेली नाही. त्यामुळे पालिकेचा नळ नाही, आणि पाणी दलालाच्या पाइपवरून पैसे मोजून भरावं लागतं. ‘पुकार’ या मुंबईतल्या संस्थेने स्थानिक तरुणांना हाताशी धरून या वस्तीचा अभ्यास केला, तेव्हा तिथे सुमारे १२,००० माणसं राहत होती.

माझगावची शाळा इथून चालत अर्ध्या तासाच्या आत आहे. शाळा, रुग्णालय, कायदा, अनुदान हे सगळं इतकं जवळ असूनही ते दारुखान्यातल्या एखाद्या दिव्यांग मुलापर्यंत का पोचत नाही, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधताना मी चीनकडे पाहणार आहे. कारण याच प्रश्नावर त्या देशाने अवाढव्य प्रमाणात काम केलं, आणि तोही नेमका याच जागी अडखळला.

दोन्ही देशांची सुरुवात विलक्षण सारखी आहे. बीजिंगमध्ये विल्यम मरे या स्कॉटिश मिशनऱ्याने १८७४ साली अंधांसाठी शाळा काढली. १८८७ साली शानतुंग प्रांतातल्या तेंगचौ गावात मिल्स दांपत्याने बहिऱ्या मुलांची शाळा सुरू केली. ॲनेटा मिल्स त्याआधी अमेरिकेत रोचेस्टरच्या बधिर विद्यालयात शिकवत होत्या. पुढे ही शाळा समुद्रकाठच्या यानताय शहरात गेली. म्हणजे माझगावची शाळा आणि चीनमधली बहिऱ्यांची पहिली शाळा यांच्यात जेमतेम दोन-तीन वर्षांचं अंतर. दोन्हीकडे आधी मिशनरी आले, मग दानशूर आले, आणि सरकार सगळ्यांत शेवटी आलं.

मुंबईत सरकार आलं ते कायद्याच्या वाटेने. मद्रास इलाख्याने १९२० साली बालकांसाठी कायदा केला, बंगालने १९२२ साली आणि मुंबईने १९२४ साली. मुंबईतल्या अंमलबजावणीसाठी १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. उमरखाडी आणि मानखुर्द ही तिची ठाणी. मानखुर्दला १९४१ साली तिने मतिमंद मुलांसाठी वेगळं गृह उघडलं. (तेव्हाचा शब्द तोच होता, आणि कागदोपत्री तो अजूनही पुष्कळ ठिकाणी टिकून आहे.) या कायद्याची नजर कुठे होती ते पाहण्यासारखं आहे. हरवलेलं, टाकलेलं, भीक मागणारं, चोरीत सापडलेलं मूल त्याला दिसत होतं. आईबापांच्या घरात वाढणारं दिव्यांग मूल त्याला दिसत नव्हतं. ते घराबाहेर पडलं, पोलिसांना सापडलं, तरच कायद्याच्या कक्षेत यायचं.

घरातल्या मुलाची जबाबदारी पालकांनीच उचलली, आणि त्यातून मुंबईतल्या मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. जय आणि होरमसजी वकील यांच्या मुलीला, दीनाला, डाउन सिंड्रोम होता. तिला शिकवणारी शाळा नव्हती म्हणून त्यांनी १९४४ साली स्वतःच शाळा सुरू केली. आज ती शिवडीला आहे, आणि तिथे तयार झालेला ‘दिशा’ हा अभ्यासक्रम राज्य सरकारने बौद्धिक अक्षम मुलांच्या विशेष शाळांसाठी स्वीकारला आहे. फातिमा इस्माइल यांच्या मुलीला पोलिओ झाला. उपचारांसाठी मद्रासपर्यंत जाऊन आलेल्या या बाईंनी १९४७ साली पोलिओग्रस्त मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली, आणि हाजी अलीचं मुलांचं अस्थिव्यंग रुग्णालय त्यातूनच झालं. १९७२ साली मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटीची स्थापना केली ती सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीच्या शिक्षणासाठी. या तिन्ही घरांबद्दल मनात आदर आहेच. पण यातलं प्रत्येक घर शिकलेलं होतं, ओळखीपाळखीचं होतं, मंत्र्यांपर्यंत पोचू शकणारं होतं. एका मुलासाठी चाललेली आईची धडपड संस्थेत रूपांतरित व्हायला घरामागे बळ लागतं. भंगाराच्या वखारीत रोजंदारीवर लोखंड वेचणाऱ्या आईचीही धडपड तितकीच असते. तिच्या धडपडीची संस्था होत नाही.

चीनमध्येही बळ आलं ते एका घरातूनच, फक्त ते घर देशातलं सर्वांत बलाढ्य होतं. तेंग शियाओफिंग यांचे थोरले चिरंजीव तेंग फूफांग १९६८ साली, सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत, पेकिंग विद्यापीठात रेड गार्ड्सच्या ताब्यात असताना इमारतीवरून खाली पडले आणि कमरेखाली कायमचे लुळे झाले. १९८८ साली त्यांच्या नेतृत्वाखाली चीनचा दिव्यांग महासंघ स्थापन झाला. तो सरकारी आहे, प्रांतापासून गावापर्यंत त्याच्या शाखा आहेत, आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्रही तोच देतो. डिसेंबर १९९० मध्ये चीनने दिव्यांगांच्या संरक्षणाचा कायदा केला.

आपल्या कायद्याची मुळं शोधत गेलं तर तीही बीजिंगलाच पोचतात. डिसेंबर १९९२ मध्ये आशिया-पॅसिफिक देशांची एक बैठक तिथे भरली होती. १९९३ ते २००२ या दिव्यांगांच्या दशकाची सुरुवात करण्यासाठी ती होती, आणि तिथे दिव्यांगांच्या पूर्ण सहभागाचा आणि समानतेचा जाहीरनामा निघाला. भारतानेही त्यावर सही केली. १९९५ सालचा आपला दिव्यांग व्यक्तींचा कायदा या जाहीरनाम्याला मूर्त रूप देण्यासाठीच केला, असं त्याच्या उद्देशिकेत स्वच्छ लिहिलेलं आहे. जे. जे. किंवा के. ई. एम. मध्ये दिव्यांगत्वाचे ‘चाळीस टक्के’ मिळाले की नाही याची वाट पाहत बसलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही, पण ज्या कायद्याने तो आकडा आपल्याकडे पक्का केला त्याचा उगम बीजिंगच्या त्या बैठकीत आहे.

चीनशी रे रोडचं आणखी जवळचंही नातं आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनपासून थोड्या अंतरावर, माझगावच्या नवाब टँक रोडवर ‘सी यिप कून’ नावाचं छोटं चिनी मंदिर आहे. १९१९ सालचं. चीनच्या दक्षिणेकडच्या ग्वांगतोंग प्रांतातल्या चार परगण्यांतून आलेल्या दर्यावर्दी लोकांनी ते बांधलं. ही माणसं गोदीच्या आधाराने माझगावात राहिली. १९६२ च्या युद्धानंतर त्यांतली बहुतेक कुटुंबं पांगली. त्याच ग्वांगतोंग प्रांताची राजधानी ग्वांगचौ. तिथे २०१४ साली जे घडलं ते चीनच्या बालकल्याणाची सगळी गुंतागुंत दाखवतं.

चीनमध्ये मूल टाकून देणं गुन्हा आहे. तरीही मुलं टाकली जात होती, कुठे रस्त्याच्या कडेला, कुठे शौचालयात, थंडीवाऱ्यात. निदान त्यांचा जीव तरी वाचावा म्हणून २०११ साली शिच्याच्वांग शहरातल्या बालकल्याण संस्थेने दारात एक छोटी खोली बांधली. आत पाळणा आणि काचेची पेटी. मूल ठेवून बाहेर पडल्यावर काही मिनिटांनी घंटा वाजते आणि कर्मचारी येऊन मुलाला घेऊन जातात. ठेवणाऱ्याला कोणी अडवत नाही, काही विचारत नाही. हळूहळू इतर शहरांनीही अशा खोल्या उघडल्या. ग्वांगचौची खोली २८ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली आणि १६ मार्चला बंद करावी लागली. त्या सात आठवड्यांत तिथे २६२ मुलं आली, आणि एकूण एक मूल आजारी किंवा दिव्यांग होतं. सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, जन्मजात हृदयविकार. संस्थेत जागाच उरली नाही.

तेव्हा अनेकांनी खोलीलाच दोष दिला. सोय केली म्हणून लोक मुलं टाकायला लागले, असं बोललं गेलं. मला हे पटत नाही. एकुलतं एक मूल जन्मतःच आजारी, शस्त्रक्रियेचा खर्च वर्षाच्या कमाईच्या कितीतरी पट, आणि गावात उपचार करणारं कोणी नाही, अशा अवस्थेत शेकडो किलोमीटर प्रवास करून मुलाला त्या पाळण्यात ठेवणारी आई त्याला फेकत नव्हती. सरकारच्या दारात पोचलं तर निदान औषध मिळेल, असा तिचा हिशेब होता. आणि तो बरोबर होता. सरकारी संस्थेतल्या मुलाला शस्त्रक्रिया फुकट मिळत होती. २००४ पासून त्यासाठी खास योजना होती. २०१० पासून अनाथ मुलांना निर्वाह भत्ताही मिळू लागला. संस्थेतल्या मुलाला महिन्याला किमान १,००० युआन आणि नातेवाइकांकडे राहणाऱ्याला किमान ६००. घरी आईबापांजवळ राहणाऱ्या दिव्यांग मुलाला यातलं काहीच लागू नव्हतं. आई सोडून गेली तरच मदत मिळेल, असा नियम असेल तर काही आया सोडून जाणारच.

त्यात एक-मूल धोरणाची भर. १९८० च्या आसपासपासून २०१५ पर्यंत ते चाललं. पहिलं मूल दिव्यांग असेल तर दुसऱ्या मुलाची परवानगी मिळे. वरवर सवलत. पण पहिलं मूल पुरेसं मूल नाही, हेच सरकारने त्या घराला कागदावर लिहून दिलं. १९९२ नंतर चीनमधून दीड लाखाहून जास्त मुलं परदेशात दत्तक गेली. आधी त्यांत प्रामुख्याने निरोगी मुली होत्या, शेवटच्या वर्षांत बहुतेक दिव्यांग मुलं. २०२४ साली चीनने ही परदेशी दत्तक प्रक्रिया जवळजवळ पूर्ण बंद केली.

ग्वांगचौच्या पाळण्यातून चीनच्या प्रशासनाने उशिरा का होईना, धडा घेतला असं मला पुढच्या निर्णयांवरून वाटतं. मदतीचा रोख संस्थेकडून घराकडे वळला. २०१६ पासून देशभर दोन भत्ते सुरू झाले: गरीब दिव्यांगांना निर्वाहासाठी एक, आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्यांच्या शुश्रूषेसाठी दुसरा. ऑक्टोबर २०१८ पासून सहा वर्षांपर्यंतच्या दिव्यांग मुलांच्या उपचारांचा आणि पुनर्वसनाचा खर्च सरकार उचलू लागलं. त्यात शस्त्रक्रिया, श्रवणयंत्र, थेरपी सगळं येतं. जानेवारी २०२० पासून आणखी एक महत्त्वाचा गट कायद्याला दिसू लागला: आईबाप हयात आहेत पण तुरुंगात आहेत, बेपत्ता आहेत किंवा स्वतःच इतके दिव्यांग आहेत की मुलाला सांभाळू शकत नाहीत, अशी मुलं. त्यांनाही अनाथांइतकाच भत्ता मिळू लागला.

महाराष्ट्राने हीच वाट बालसंगोपन योजनेतून धरली. अनाथ, एकपालक किंवा संकटात सापडलेल्या घरातल्या मुलाला बालगृहात टाकण्याऐवजी ते ज्या घरात आहे त्या घराला पैसे द्यायचे, ही तिची कल्पना. महिन्याला ४२५ रुपये मिळायचे ते आधी १,१०० आणि मग २०२३ मध्ये २,२५० झाले. योजनेला सावित्रीबाईंचं नाव दिलं गेलं ते त्याच सुमारास. मला ही राज्यातली सर्वांत शहाणी योजना वाटते, आणि तिच्याबद्दल इतकं कमी बोललं जातं याचं वाईटही वाटतं.

आता चीन अडखळला कुठे ते पाहू. तिथे १९५८ पासून हुकोऊ नावाची नोंदणी पद्धत आहे. प्रत्येक कुटुंबाची नोंद एका ठरावीक गावात किंवा शहरात असते, आणि शाळा, दवाखाना, भत्ता या गोष्टी त्या नोंदीला बांधलेल्या असतात. कोट्यवधी माणसं पोटापाण्यासाठी गाव सोडून शांघायला, शेनचेनला गेली, पण त्यांची नोंद गावातच राहिली. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायचं तर नोंद असेल त्या तालुक्यातच जावं लागे. भत्ताही तिथेच मिळे. शेनचेनच्या कारखान्यातल्या कामगाराने सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला स्वतःजवळ ठेवायचं तर भत्त्यासाठी शेकडो मैलांवरच्या गावी खेटे घालायचे, नाहीतर मुलाला आजीकडे गावी सोडायचं. मागे राहिलेल्या अशा मुलांचा प्रश्न चीनमध्ये इतका मोठा झाला की २०१६ मध्ये सरकारला त्यावर स्वतंत्र धोरण आणावं लागलं. शेवटी एप्रिल २०२१ पासून हे दोन भत्ते नोंद कुठेही असली तरी राहत्या ठिकाणाहून मागता येऊ लागले. पैसे अजूनही मूळ गावच्या तिजोरीतूनच जातात. खेटे मात्र वाचले.

आपल्याकडे हुकोऊ नाही. भारताचा नागरिक कुठेही राहू शकतो, हे संविधानाने दिलेलं आहे. पण मुंबईच्या झोपडपट्टीत राहिलेल्या कोणालाही पात्र आणि अपात्र हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. १ जानेवारी १९९५ च्या आधीचा पुरावा आहे का? नंतर हीच तारीख २००० झाली, पुढे २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर. हा पुरावा म्हणजे मतदारयादीतलं नाव, रेशनकार्ड, लाइटबिल. बंदराच्या जमिनीवर राहणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. राज्याच्या झोपडपट्टी योजना तिथे थेट लागू होत नाहीत, आणि पालिकेला काही करायचं तर आधी केंद्राची ना-हरकत लागते. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निकाल दिला की झोपडी बेकायदा असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. घर बेकायदा असलं म्हणून मुलाचं प्रमाणपत्र अडू नये, हेही त्याच न्यायाने म्हणता येईल.

प्रत्यक्षात काय होतं ते जवळून पाहू. समजा, दारुखान्यात एका घरात जन्मतः बहिरं मूल आहे. भोवती दिवसभर लोखंड कापण्याचा आवाज असतो. माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. हाकेला मूल ओ देत नाही हे लक्षात यायला इतर घरांपेक्षा इथे जास्त वेळ लागू शकतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यातलं आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा येऊन मुलं तपासतं. जे मूल अंगणवाडीच्या पटावर नाही ते या तपासणीतून सुटतं. मग दोन-तीन वर्षांचं झाल्यावर शेजारीण म्हणते, याला काहीतरी दाखवून आण. रुग्णालयात श्रवणाच्या बेरा तपासणीची तारीख मिळते ती काही आठवड्यांनंतरची. प्रत्येक फेरीला कामावर खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार, जन्मदाखला, सगळ्याची झेरॉक्स. आधारवर पत्ता गावचा, बिहारमधला किंवा मराठवाड्यातला. मुलाचा जन्म घरीच झाला असेल तर दाखलाच नाही.

या उशिराची किंमत बहिऱ्या मुलाच्या बाबतीत विशेष जबर असते. भाषा शिकण्याची मेंदूची तयारी पहिल्या काही वर्षांत सर्वांत जास्त असते. श्रवणयंत्र असो, कॉक्लिअर इम्प्लांट असो की खुणांची भाषा, जे द्यायचं ते याच वर्षांत द्यावं लागतं. म्हणूनच केंद्र सरकारच्या साहाय्यक साधनांच्या योजनेत कॉक्लिअर इम्प्लांट जन्मतः बहिऱ्या मुलाला पाच वर्षांच्या आतच मिळतं. वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्याचं काम पाहते, म्हणजे तेही रे रोडपासून दूर नाही. पत्त्याच्या पुराव्यापायी दीड वर्ष गेलं तर नंतर कितीही टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं तरी ते दीड वर्ष परत मिळत नाही.

पुढचा टप्पा पैशांचा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना महिन्याला दीड हजार रुपये मिळत होते. २०२५ मध्ये ते अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. पण अर्जदार १५ वर्षांपासून महाराष्ट्राचा रहिवासी असावा अशी अट आहे. मुंबईच्या गोदीत, भंगारात, बांधकामावर राबायला बाहेरून माणसं लागतात, आणि ती येतात तेव्हा त्यांच्याकडे कोणी १५ वर्षांचा दाखला मागत नाही. मग त्यांच्या मुलाच्या बाबतीतच तो का मागावा? चीनने २०२१ मध्ये जो बदल केला तो एका राज्याच्या पातळीवर आपल्यालाही सहज करता येण्यासारखा आहे.

मोजणीचीही तीच गत. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. चीनने २००६ मध्ये सुमारे २५ लाख लोकांची नमुना पाहणी केली, आणि त्यावरून देशात ८ कोटी ३० लाखांच्या आसपास, म्हणजे ६.३४ टक्के, दिव्यांग असल्याचा अंदाज काढला. भारतीय माणसं तिपटीने धडधाकट आहेत असा याचा अर्थ नाही. चीनच्या पाहणीत घरोघरी जाणाऱ्यांबरोबर डॉक्टर होते. आपल्या जनगणनेत प्रगणक दारात उभा राहून विचारतो, आणि घरातलं मोठं माणूस सांगेल ते लिहून घेतो. मुलीचं लग्न ठरायचं असलेल्या घरात तिच्या भावाच्या फिट्सबद्दल कोण बोलेल?

मुंबईत मोजणीची ताकद लोकांनी एकदा स्वतः दाखवून दिली आहे, आणि तीही याच भागात. १९८५ साली फूटपाथवासीयांच्या ऑल्गा टेलिस खटल्याच्या निकालाच्या वेळी फूटपाथवर राहणाऱ्यांना हुसकावण्याची तयारी चालली होती. तेव्हा भायखळ्यात काम करणाऱ्या ‘स्पार्क’ संस्थेने फूटपाथवरच्या सुमारे ६,००० कुटुंबांची मोजणी केली आणि ‘आम्ही अदृश्य’ अशा अर्थाच्या नावाने अहवाल काढला. भायखळ्यातल्या फूटपाथवरच्या बायका या कामातून ‘महिला मिलन’ म्हणून संघटित झाल्या. पुढे त्यांतल्या अनेक कुटुंबांना पक्की घरं मिळाली, ती या मोजणीच्या आणि संघटनेच्या जोरावर. दिव्यांग मुलांची अशी वस्तीने केलेली मोजणी रे रोडच्या पूर्वेला व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. ती करायला डॉक्टर लागत नाही. कोणतं मूल हाकेला ओ देत नाही, कोणतं तिसऱ्या वर्षीही चालत नाही, हे गल्लीतल्या बायकांना माहीत असतं.

आणि मूल मोठं झाल्यावर? बालन्याय कायद्याने अठराव्या वर्षी बालपण संपतं. बालगृहातून बाहेर पडल्यावरच्या अनुरक्षणाची सोय २१ पर्यंत, फार तर २३ पर्यंत. पण बौद्धिक अक्षम माणसाचं अठरावं वर्ष उजाडल्याने त्याच्या गरजा बदलत नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर यांनी रस्त्यांवर, स्टेशनांवर टाकलेल्या दिव्यांग मुलांना वाढवलं, आपलं नाव दिलं, कित्येकांची लग्नं लावली. अनाथ दिव्यांग मुलांना अठरानंतरही त्याच घरात राहू द्यावं, असा कायदा करा, ही त्यांची मागणी कित्येक वर्षांची आहे. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची मागणी अजून मागणीच आहे.

संस्थेच्या चार भिंतींआड काय होऊ शकतं हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. २०११ साली नवी मुंबईतल्या कळंबोलीच्या एका गृहात मतिमंद मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. २०१३ मध्ये दोषींना शिक्षा झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने अशा गृहांच्या दुरवस्थेची स्वतःहून दखल घेतली, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे राज्यभरातल्या गृहांवर देखरेखीचं काम दिलं. नागपाड्याला १९३६ साली सुरू झालेल्या संस्थेकडे हे काम पंच्याहत्तर वर्षांनी आलं.

घरातल्या मुलासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. आत्ममग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत मूल अठराचं झाल्यावरही पालकत्व कोणाकडे राहील हे त्यात ठरवता येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करायचा. न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, त्यात थेरपीही येते. आपल्यामागे याचं काय होणार, हा प्रश्न ज्या आईवडिलांना रात्री झोपू देत नाही, त्यांनी या समितीची चौकशी जरूर करावी.

राहता राहिला पत्ता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून २१ केले, आणि सहा ते अठरा वर्षांच्या दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग काढला. कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांत प्रमाणपत्रासाठी दोन दारं ठेवलेली आहेत. एक, पत्त्याच्या पुराव्यात जो जिल्हा असेल तिथलं वैद्यकीय प्राधिकरण. दुसरं, अर्जदारावर जिथे उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत ते सरकारी रुग्णालय. म्हणजे आधारवर गावचा पत्ता असलेल्या मुलावर मुंबईच्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू असतील, तर केसपेपर दाखवून तिथेच अर्ज करता येतो. मूल अज्ञान असल्याने अर्ज पालक करू शकतात, आणि ज्या नोंदणीकृत संस्थेच्या देखभालीत मूल आहे तीही करू शकते. प्रमाणपत्राचा निर्णय मान्य नसेल तर अपील आहे. अर्जच घ्यायला कोणी नकार दिला, तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे लेखी तक्रार करायला वकील लागत नाही. तक्रारीत तारीख, खिडकी क्रमांक आणि नकार देताना काय सांगितलं ते लिहावं, आणि केसपेपरची झेरॉक्स जोडावी.